साखळीवर अडून बसलेला माणूस

सॅकमधला डबा काढा आणि त्याचं बूड उलटं करून बघा. छोट्याशा त्रिकोणात एक आकडा कोरलेला असेल. डब्यावर बहुतेक ५ दिसेल. शाम्पूच्या बाटलीखाली २, दुधाच्या पिशवीवर ४, बाथरूममागच्या पाइपवर ३, आणि थर्माकोलच्या जातीचं काही हाताशी असेल तर ६. हे आकडे परीक्षेला येत नाहीत, त्यामुळे पाठ करायची गरज नाही. पण एक लक्षात ठेवा, २ ते ६ हे सगळे एकाच घराण्यातले. घराण्याचं नाव ॲडिशन पॉलिमर.

बारावीच्या केमिस्ट्रीत पॉलिमरचा धडा होता, आठवतंय? नसेल तर हरकत नाही, बारावीनंतर केमिस्ट्रीला रामराम ठोकून मास कॉमला आलेली मी तुम्हाला हसणार नाही. थोडक्यात सांगायचं तर असं समजा, मैदानावर मुलं उभी आहेत आणि प्रत्येकाने आपलेच दोन हात एकमेकांत घट्ट गुंफलेत. हा झाला रेणूतला दुहेरी बंध. आता एकाने हात सोडवले, शेजाऱ्याचा हात धरला, मग शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याचा. बघता बघता हजारो मुलांची एकच साखळी. कुणी गळलं नाही, काही बाहेर टाकलं नाही, फक्त जोडत गेलो, म्हणून ॲडिशन. इथिलीन जोडलं की पॉलिथिलीन, प्रॉपिलीन जोडलं की पॉलिप्रॉपिलीन, व्हिनाइल क्लोराइड जोडलं की पीव्हीसी आणि स्टायरीन जोडलं की पॉलिस्टायरीन. याच पॉलिस्टायरीनमध्ये हवा भरून फुगवलं की आपला थर्माकोल.

वाचायला किती सोपं वाटतं ना? पण शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या भल्या भल्या केमिस्टना हे पटत नव्हतं. इतका लांब रेणू असूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि असतो, असं म्हणून एकटा माणूस वर्षानुवर्षं अडून बसला होता. त्यांचं नाव हर्मान स्टाउडिंगर. पुस्तकात त्यांच्या वाट्याला आली तर एखादी ओळ येते, पॉलिमर रसायनशास्त्राचे जनक वगैरे. त्या एका ओळीच्या मागे दोन महायुद्धं, एक तुटलेली मैत्री, गेस्टापोची चौकशी आणि बरीच भांडणं आहेत.

२३ मार्च १८८१ रोजी जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स गावात स्टाउडिंगर जन्मले. वडील फ्रान्झ हे शिक्षक, तत्त्वज्ञानावर लिहिणारे आणि सहकारी चळवळीत उतरलेले. घरात पुस्तकं आणि राजकारण दोन्हीची चर्चा. मुलाला मात्र वेड झाडांचं. त्याला बॉटनी करायची होती. घरच्यांनी सुचवलं, झाडं समजून घ्यायची तर आधी थोडं रसायनशास्त्र शिकून घे. आता तुमच्याआमच्याकडे हे कसं होतं माहितीये ना, आधी हे कर, मग तुला हवं ते कर. आणि मग ते मग कधी येतच नाही. स्टाउडिंगरचंही तेच झालं. ते रसायनशास्त्रात रमले आणि १९०३ मध्ये हाले विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले, वय २२. (हे वय लिहिताना मला थोडं कसंतरीच झालं.)

दोन वर्षांत स्ट्रासबुर्गला त्यांनी कीटीन नावाच्या रेणूंचा एक नवा वर्गच शोधून काढला. १९०७ मध्ये ते कार्ल्सरूहला प्राध्यापक म्हणून गेले. तिथे सहकारी होते फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारे, ज्यांच्यामुळे पुढे जगभरच्या शेतात खतं पडली, तेच हाबर. हे नाव ध्यानात ठेवा, ते परत येणार आहे.

१९१२ मध्ये स्टाउडिंगर स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात आले. करिअर एकदम सेट. कीटीनवर नाव झालेलं, विद्यार्थी हुशार, पुढे आयुष्यभर त्याच विषयाचे पेपर काढत बसले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण कार्ल्सरूहपासून त्यांच्या डोक्यात रबर घुसलं होतं. तिथे त्यांनी आयसोप्रीन बनवायची नवी पद्धत शोधली होती, आणि आयसोप्रीन म्हणजे रबराची कडी. रबर ताणतं कसं, परत आखडतं कसं, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

मध्येच महायुद्ध आलं. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्यामागचा मेंदू हाबर यांचा. स्टाउडिंगर जर्मन, पण बसलेले तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये. त्यांनी एक अगदी केमिस्टला शोभेल असं काम केलं, दोन्ही बाजूंच्या उद्योगांची, यंत्रांची, कच्च्या मालाची बेरीज-वजाबाकी मांडली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्यांचा हिशोब सांगत होता की जर्मनी हे युद्ध जिंकू शकत नाही. ते त्यांनी जाहीरपणे मांडलं. १९१९ मध्ये रेडक्रॉसच्या नियतकालिकात विषारी वायूंच्या विरोधात लिहिलं. हाबर भडकले. देश संकटात असताना पाठीत सुरा खुपसला, असा त्यांचा सूर होता. कार्ल्सरूहच्या दिवसांतली मैत्री तिथे संपली, आणि जर्मनीत स्टाउडिंगर यांच्या नावापुढे एक काळी फुली पडली.

युद्धकाळातच टंचाईमुळे त्यांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम मिऱ्यावर काम झालं. पुढे कॉफीचा वास नेमका कशाकशाने बनतो यावरही त्यांनी संशोधन केलं. मला हा माणूस आवडायला लागला तो इथे.

आता मुख्य भांडणाकडे येऊ या. पण त्याआधी एक जुनी गोष्ट. १८३९ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड सिमोन नावाच्या औषधविक्रेत्याने एका झाडाच्या डिंकापासून तेलासारखा द्रव काढला. काही दिवसांनी बघतो तर त्याची जेली झालेली. त्याला वाटलं, हवेतला ऑक्सिजन लागून बिघडला. सहा वर्षांनी दोन केमिस्टनी दाखवलं की ऑक्सिजनचा काही संबंध नाही, द्रवाची आणि जेलीची रासायनिक घडण अगदी एकच आहे. म्हणजे तेच कार्बन, तेच हायड्रोजन, त्याच प्रमाणात, पण एक पाण्यासारखं वाहतं आणि दुसरं घट्ट. का? पुढची पंचाहत्तर वर्षं याला कुणाकडे धड उत्तर नव्हतं. तो द्रव म्हणजे स्टायरीन आणि ती जेली म्हणजे पॉलिस्टायरीन.

त्या काळचं सर्वमान्य उत्तर असं होतं की हे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे गठ्ठे. जत्रेत माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात तसे लहान रेणू कसल्यातरी कमजोर ओढीने एकत्र आलेले, एकमेकांचे हात धरलेले नव्हेत. त्यामुळे रबर, सेल्युलोज, स्टार्च यांना बरेच केमिस्ट नाकं मुरडत. स्फटिक होत नाहीत, ठरावीक तापमानाला वितळत नाहीत, भांड्याला चिकटून बसतात, असल्या चिकट लगद्यावर कोण करिअर घालवणार?

१९२० मध्ये स्टाउडिंगरनी एक पेपर छापला, विषय पॉलिमरायझेशन. त्यात त्यांनी सरळ सांगितलं की गठ्ठा वगैरे काही नाही, ही साखळी आहे. शेकडो, हजारो कड्या, आणि प्रत्येक कडी पुढच्या कडीला साध्या, पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेली, जसे कुठल्याही सेंद्रिय रेणूतले अणू जोडलेले असतात अगदी तसे. पॉलिस्टायरीनची, रबराची साखळी त्यांनी कागदावर काढून दाखवली. आज तुम्ही परीक्षेत कंसात एक कडी काढून बाहेर छोटा एन लिहिता ना, त्याचं मूळ इथे.

नुसतं म्हणून कोण ऐकतं? पुरावा पाहिजे. त्यांनी काय केलं बघा. विरोधकांचं म्हणणं होतं की रबरातले लहान रेणू दुहेरी बंधांच्या उरल्यासुरल्या ओढीने चिकटलेत. ठीक. मग ते दुहेरी बंधच काढून टाकू. रबरात हायड्रोजन भरला की दुहेरी बंध संपतात. विरोधक बरोबर असतील तर गठ्ठा सुटायला हवा आणि लहान रेणू मोकळे होऊन साध्या तेलासारखे उकळून उडून जायला हवेत. १९२२ मध्ये स्टाउडिंगर आणि त्यांचे सहकारी फ्रित्शी यांनी हा प्रयोग केला. हायड्रोजन भरला, आणि काहीच सुटलं नाही. पदार्थ तसाच चिवट, द्रावण तसंच घट्ट. म्हणजे धरून ठेवणारी गोष्ट दुसरीच होती. त्याच पेपरमध्ये त्यांनी या महाकाय रेणूंना नाव दिलं, मॅक्रोमॉलिक्यूल.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकले. छे! उलट खरा मार इथून सुरू झाला. हाइनरिश वीलांड हे त्या काळचे मोठे नाव, पुढे १९२७ चं नोबेल मिळवलेले. त्यांनी स्टाउडिंगरना मित्रत्वाने सल्ला दिला की या मोठ्या रेणूंचा नाद सोडा, ५,००० पेक्षा जास्त रेणुभाराचे सेंद्रिय रेणू असतच नाहीत, तुमचं रबर नीट शुद्ध करा, मग त्याचे स्फटिक होतील आणि ते लहानच निघेल. तुमच्या डब्यातल्या किंवा पिशवीतल्या साखळ्यांचा रेणुभार आज हजारांत नाही, लाखांत मोजतात. पण तेव्हा वीलांड यांचं बोलणं वेडगळ नव्हतं. एक्स-रे लावून सेल्युलोजसारख्या पदार्थांची रचना बघितली जात होती आणि त्यात दिसणारा एकक खण अगदी छोटा निघत होता. रेणू आपल्या खणापेक्षा मोठा कसा असेल? हा प्रश्न रास्त होता. स्टाउडिंगरचं उत्तर होतं की एकच साखळी अनेक खणांतून आरपार जाऊ शकते, जशी एकच दोरी चाळीच्या दहा खोल्यांच्या खिडक्यांतून ओढलेली असावी.

१९२५ मध्ये झुरिक सोडताना त्यांनी तिथल्या केमिस्टांपुढे भाषण दिलं. सभेत एकामागून एक मोठी माणसं उठली आणि ते चूक आहेत असं सांगू लागली. शेवटी वैतागून स्टाउडिंगरनी चारशे वर्षांपूर्वीच्या मार्टिन ल्यूथरचा पवित्रा घेतला, मी इथे उभा आहे, माझ्याच्याने दुसरं काही होणार नाही, अशा अर्थाचं बोलून थांबले. पुढच्या वर्षी ड्युसेलडॉर्फच्या परिषदेतही वक्त्यांमध्ये ते जवळजवळ एकटेच. तिथल्या एका श्रोत्याला तो धक्का असा वाटला की जणू प्राणिशास्त्रज्ञांना कुणी येऊन सांगावं, आफ्रिकेत १५०० फूट लांब आणि ३०० फूट उंच हत्ती सापडलाय. पण परिषद संपेपर्यंत काही जणांच्या मनात शंकेचा किडा वळवळू लागला होता.

१९२६ मध्ये ते जर्मनीत फ्रायबुर्गला आले, तेही वीलांड यांच्याच रिकाम्या झालेल्या खुर्चीवर. नेमणुकीच्या वेळी युद्धकाळातलं लिखाण उकरून काढलं गेलं, स्पष्टीकरणं द्यावी लागली. पण पुढची सगळी लढाई त्यांनी तिथून लढली.

बीएस्सीवाल्यांनो, तुमच्या प्रॅक्टिकलमधला ऑस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर आठवा. ती यू आकाराची काचेची नळी, स्टॉपवॉच, आणि द्रव वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागले ते परत परत लिहिणं. कंटाळवाणं वाटतं ना? फ्रायबुर्गमध्ये मुख्य हत्यार तेच होतं. स्वीडनमध्ये प्रचंड वेगाने फिरणारी अल्ट्रासेंट्रिफ्यूज यंत्रं आली होती, पण स्टाउडिंगरचा भरवसा काचेच्या नळीवर. त्यांनी वेगवेगळ्या तापमानाला पॉलिस्टायरीन बनवलं. थंडीत सावकाश बनवलं की साखळ्या लांब होतात, उष्णतेत झटपट बनवलं की आखूड. मग सगळ्यांची पातळ द्रावणं करून नळीतून सोडली. साखळी जितकी लांब, द्रव तितका रेंगाळत उतरणारा. कडी तीच, लांबी वेगळी, आणि लांबीनुसार गुणधर्म एका क्रमाने बदलत जाणारे. गठ्ठ्याच्या सिद्धांतात हे बसत नव्हतं.

आणि प्लास्टिकबद्दल खरं तर हीच गोष्ट समजून घ्यायची असते. पॉलिथिलीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो, पण साखळीला मध्येमध्ये फांद्या फुटल्या की साखळ्या एकमेकींना बिलगून बसत नाहीत, पदार्थ मऊ होतो, त्याची दुधाची पिशवी होते. तीच साखळी सरळसोट असली की कडक बाटली आणि बादली होते. आणि तीच साखळी काही लाख कड्यांच्या... थांबा, अतिशय लांब केली, रेणुभार तीस-चाळीस लाखांवर नेला, की इतकं चिवट प्लास्टिक मिळतं की आजीच्या बदललेल्या गुडघ्यात बसतं आणि वर्षानुवर्षं फारसं झिजत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवर प्रत्येक कडीला एक छोटा गट एकाच बाजूला असतो, त्यामुळे ते साधारण १६० अंशाला वितळतं आणि डबा मायक्रोवेव्हमध्ये टिकतो. पॉलिस्टायरीनच्या कडीवर मात्र बेंझीनचं जाडजूड कडं लटकलेलं, साखळ्यांना हलायला जागा नाही, म्हणून ते काचेसारखं, पटकन तडकणारं आणि १०० अंशाच्या आसपास मऊ पडणारं. पीव्हीसीच्या कडीत क्लोरीन आहे, म्हणून ते सहजासहजी पेटत नाही, पण कचऱ्यात जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. नाक्यावर कुणी कचरा पेटवला की आधी लांब जा, मग तक्रार करा.

फ्रायबुर्गमध्येच स्टाउडिंगरनी दुसरं लग्न केलं. मॅग्डा वोइट या लॅटव्हियाच्या, वनस्पतिशास्त्रातल्या संशोधक. म्हणजे हर्मानना तरुणपणी जे व्हायचं होतं, ते त्या होत्या. त्यांनी पेपर एकत्र लिहिले, आणि जिवंत पेशींमधल्या महाकाय रेणूंकडे हर्मान यांचं लक्ष वळण्यात मॅग्डा यांचा मोठा वाटा. बक्षीस मात्र एकट्याच्या नावावर आलं, हे नेहमीचंच.

१९३३ मध्ये हिटलर आला. फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरू झाले मार्टिन हायडेगर, फिलॉसॉफीवाल्यांनो, तुमच्या सिलॅबसमधले तेच. त्यांनी स्टाउडिंगर यांची तक्रार वर पोहोचवली. मुद्दा तोच, पहिल्या महायुद्धातला शांततावाद, देशाशी गद्दारी. गेस्टापोने फाईल उघडली. १९३४ च्या सुरुवातीला हायडेगर यांनी बडतर्फीची शिफारस केली, नंतर परदेशात स्टाउडिंगर यांचं नाव मोठं आहे म्हणून जरा सौम्य मार्ग सुचवला. स्टाउडिंगरना राजीनामा लिहून द्यावा लागला. तो फाईलमध्ये टांगता ठेवला गेला, वागणूक नीट राहिली तर परत, अशा बोलीवर. काही महिन्यांनी तो निकालात निघाला. हायडेगर यांचा यातला हात जगासमोर आला तो १९८० च्या दशकात, तोवर दोघेही गेले होते.

इथे मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. त्याच १९३४ च्या फेब्रुवारीत स्टाउडिंगर यांचा लेख नाझी पक्षाच्या दैनिकात छापून आला. जर्मनीला स्वावलंबी व्हायला रसायनशास्त्र किती उपयोगी आहे, असा त्याचा रोख. १९१७ मध्ये आकडे मांडून सैन्याला तोंडावर नाही म्हणणारा माणूस सतरा वर्षांनी मान खाली घालून लिहितो. नोकरी, प्रयोगशाळा, विद्यार्थी, सगळं पणाला लागलेलं असताना त्यांनी ते केलं. समजू शकतं, पण हिरोच्या पोस्टरवर ते बसत नाही. मी ते पोस्टर बनवतही नाहीये.

दुसरीही एक गोष्ट पोस्टरवर बसत नाही. १९३० नंतर जग हळूहळू त्यांच्या बाजूला आलं, अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत कॅरोदर्स यांनी लांब साखळीची कल्पना धरूनच पुढे नायलॉन बनवलं, तेव्हा स्टाउडिंगर यांनी नवं भांडण काढलं. त्यांच्या मते साखळी काठीसारखी ताठ. हर्मान मार्क आणि इतर म्हणत होते, ती शेवयांसारखी लवचीक, गुंडाळलेली असते. मार्क बरोबर होते. रबर ताणतं तेच मुळी गुंडाळी उलगडते म्हणून. पण वीस वर्षं एकट्याने बरोबर असण्याची सवय लागलेल्या माणसाला आपण चुकतोय हे पटणं अवघड जातं. मार्क हे खरं तर त्यांच्याच पक्षातले, पण स्टाउडिंगर त्यांच्याशीही कडाक्याने भांडले.

उद्योगांनी मात्र ताठ की लवचीक याची वाट बघितली नाही. १९३० च्या आसपास जर्मनीत पॉलिस्टायरीनचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं. १९३३ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत प्रचंड दाबाखालच्या एका प्रयोगात इथिलीनचं पांढरं मेण तयार झालं, तेच पॉलिथिलीन, आणि दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर चढलं. नोव्हेंबर १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात फ्रायबुर्ग जळालं, त्यात स्टाउडिंगर यांची संस्थाही उद्ध्वस्त झाली. युद्ध संपलं तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. १९४७ मध्ये त्यांनी फक्त महाकाय रेणूंसाठी एक संशोधन नियतकालिक काढलं आणि १९५१ मध्ये निवृत्त झाले.

१९५३ हे साल बघा. एप्रिलमध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना छापली गेली, म्हणजे जीवनाची किल्लीच एक लांबलचक साखळी निघाली. वर्षअखेरीच्या सुमारास जर्मनीत म्युलहाइमला कार्ल त्सीग्लर यांनी साध्या दाबाला सरळ साखळीचं पॉलिथिलीन बनवलं. पुढच्या वर्षी इटलीत नाट्टा यांनी त्याच वाटेने पॉलिप्रॉपिलीन. आणि त्याच १९५३ च्या डिसेंबरमध्ये बहात्तर वर्षांच्या स्टाउडिंगरना स्टॉकहोममध्ये नोबेल मिळालं. १९२० च्या पेपरला तेहतीस वर्षं झाली होती.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही जगताय. १९५० मध्ये जगात वर्षाला सुमारे २० लाख टन प्लास्टिक बनायचं, २०१५ मध्ये ३८ कोटी टन. २०१५ पर्यंत बनलेलं सगळं प्लास्टिक मिळून ८३० कोटी टन, आणि त्यातलं ६३० कोटी टन तेव्हाच कचरा झालेलं. त्या कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं, १२ टक्के जाळलं, बाकीचं डंपिंग ग्राउंडवर, नदीत, समुद्रात.

का कुजत नाही ते? उत्तर परत साखळीतच. झाडाचं सेल्युलोज हीसुद्धा महाकाय साखळीच, स्टाउडिंगरनी त्यावरही काम केलं. पण त्यात दोन कड्यांच्या मध्ये ऑक्सिजन असतो, तिथे जिवाणूंच्या आणि बुरशीच्या विकरांना दात रोवता येतात. पाण्याच्या बाटलीच्या पेटमध्ये, म्हणजे १ नंबरमध्येही तसा सांधा असतो, म्हणून तो तोडणारा जिवाणू जपानी संशोधकांना सापडला आणि २०१६ मध्ये त्याची बातमी झाली. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन यांचा कणा मात्र कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन असा सलग. पकडायला खाच नाही. ऊन लागलं की साखळी इथे तिथे तुटते, बादली पांढरट पडून तडकते, मग चुरा, मग डोळ्यांना न दिसणारे कण. नाहीसं काही होत नाही. २०२२ मध्ये डच संशोधकांनी २२ जणांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण निघाले, त्यात पॉलिस्टायरीन होतं आणि पॉलिथिलीनही. शरीरात ते नेमकं काय करतं यावर काम चालू आहे.

पाण्यातही प्रत्येकाची जागा वेगळी. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, तरंगतं, म्हणून किनाऱ्यावर पिशव्या आणि झाकणं येतात. पीव्हीसी जड, तळाला बसतं. पॉलिस्टायरीन घट्ट असेल तर बुडतं, पण थर्माकोल म्हणजे जवळजवळ ९८ टक्के हवा, त्यामुळे तो वर येऊन मण्यामण्यांनी पसरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबई तुंबण्यामागच्या कारणांमध्ये गटारांत अडकलेल्या पिशव्यांचं नाव घेतलं गेलं. पुढे महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तारीख होती २३ मार्च २०१८. वर जाऊन स्टाउडिंगर यांची जन्मतारीख बघा. कुणी मुद्दाम केलं नसणार, पण मला ते वाचून दचकायला झालं. गणपतीच्या मखराचा थर्माकोल त्यानंतरच हद्दपार होऊ लागला, २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे.

स्टाउडिंगर ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्गमध्ये गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या एका कंपनीला अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, पॉलिथिलीनच्या नळीला घडी घालून, चिकटवून आणि वरचा भाग कापून हँडल असलेली पिशवी करायचं. तीच ती भाजीवाल्याकडची. मॅग्डा १९९७ पर्यंत होत्या.

आज रिसायकलिंगवाले ज्यामागे लागलेत, त्यातलं एक काम स्टाउडिंगर यांनी स्वतः करून ठेवलंय. १९३० च्या दशकात त्यांनी पॉलिस्टायरीन हवेशिवाय तापवलं आणि साखळीचे कोणते तुकडे पडतात ते मोजलं. त्यात बराचसा भाग परत स्टायरीन निघाला, म्हणजे धरलेले हात सुटून मुलं पुन्हा एकेकटी. पॉलिथिलीन तापवलं तर असं होत नाही, ते कुठेही वेडंवाकडं तुटतं. त्यामुळे ६ नंबरचं प्लास्टिक तापवून पुन्हा कच्चा माल करणं तत्त्वतः सोपं. अडतं ते भलतीकडेच. भंगारवाला थर्माकोल घ्यायला नको म्हणतो, कारण त्याला वजनच नाही, त्यावर आमटी आणि रंग लागलेला असतो, आणि तो भट्टीपर्यंत न्यायचा म्हणजे ट्रकभर हवाच वाहून न्यावी लागते.